फोन तुटला, हे सर्व्हरला कळायलाच हवे

मुंबईत एनसीएसटी (राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र) आणि आयआयटी यांच्यात १९८७च्या सुमारास डायल-अप फोनवरून ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सामान्य ग्राहकांना इंटरनेट खुले केले. त्या काळात युनिक्स सर्व्हरला मोडेम जोडणाऱ्यापुढे एक प्रश्न असे: पलीकडचा माणूस लाइनवर आहे की गेला, हे यंत्राला कळणार कसे? डायल-अप सर्व्हरची सुरक्षितता पासवर्डाइतकीच या प्रश्नाच्या उत्तरावर उभी होती, असे माझे ठाम मत आहे.

दोन मोडेम जोडलेले असताना लाइनवर वाहक स्वर चालू असतो, व्ही.२२ पद्धतीत फोन लावणाऱ्याचा १२०० हर्ट्झचा, उचलणाऱ्याचा २४०० हर्ट्झचा. तो ऐकू येतो आहे, एवढीच बातमी मोडेम सीरियल केबलमधल्या डीसीडी या तारेवरून संगणकाला देतो. पण बरेच मोडेम ही तार कायम चालूच ठेवत. मग फोन तुटला तरी युनिक्सच्या लेखी माणूस बसलेलाच राही, आणि त्याच लाइनवर पुढचा फोन आला की नव्या माणसासमोर आधीच्याचे उघडे खाते येई, पासवर्ड न विचारता. जोडणी तासांवर विकलेली असेल तर हिशेबही चालूच. यावर मोडेमला ‘एटी&सी१’ सांगायचे, म्हणजे तार खरे बोलते; ‘एटी&डी२’ सांगायचे, म्हणजे सर्व्हरने डीटीआर ही आपण तयार असल्याचे सांगणारी तार सोडताच मोडेम फोन ठेवतो. युनिक्सच्या बाजूने डीसीडीकडे दुर्लक्ष करायला सांगणारी ‘सीलोकल’ ही खूण काढून, पोर्ट बंद होताना डीटीआर सोडायला लावणारी ‘एचयूपीसीएल’ ही खूण लावायची. आता स्वर थांबताच हँगअप सिग्नल जातो, त्या माणसाचा शेल बंद होतो आणि लाइनवर लक्ष ठेवणारा गेटी हा प्रोग्राम नव्याने लॉगिन मागतो. यातले अर्धेच केले तर उपयोग नाही: ‘सीलोकल’ राहिले, तर मोडेम खरे बोलूनही युनिक्स त्या तारेकडे बघतच नाही.

यावरचा वजनदार आक्षेप लांबच्या लाइनींचा. चंद्रपूर जिल्ह्याच्या तेलंगण सीमेवरच्या कोरपना येथून शहरातला सर्व्हर गाठायचा, आणि क्षणभर खरखर झाली म्हणून जोडणी तोडायची? एसटीडीचे पैसे देणाऱ्याला ते परवडणारे नव्हते. पण त्यासाठी सर्व्हरला आंधळे करायची गरज नाही. मोडेमच्या एस१० या नोंदीत स्वर गेल्यावर किती थांबायचे ते सेकंदाच्या दहाव्या भागात लिहिता येते. नेहमीची किंमत १४, म्हणजे १.४ सेकंद. ती वाढवली तरी तेवढा वेळ मोडेमने फोन धरलेलाच असतो, त्यामुळे दुसरा कोणी आत शिरत नाही. खर्च होतो तो फक्त वेळ. मात्र २५५ लिहिले तर स्वर गेल्याची दखलच घेतली जात नाही, आणि मूळ रोग परत येतो. दुसरा आक्षेप असा की स्वर आल्याशिवाय पोर्ट उघडत नसेल, तर सर्व्हरने स्वतः फोन लावायचा कसा? लिनक्सने पूर्वी बाहेर जाणाऱ्या फोनसाठी त्याच पोर्टला वेगळे नाव देऊन हा प्रश्न सोडवला होता.

आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या व्ही.२५० मानकात &सी आणि &डी या आज्ञा आजही आहेत, आणि सिमकार्डाचे मोडेमही त्या पाळतात. दूरचा मीटर किंवा पाणीपातळीचे यंत्र अशा मोडेमवर टाकणाऱ्याने आधी &सीची किंमत तपासावी; नेटवर्क गेल्यावरही जोडणी चालू दिसत असेल, तर पहिला संशय तिच्यावरच घ्यावा.