पाण्याची वाटणी

वैनगंगेच्या एका तीरावर भंडारा आणि समोरच्या तीरावर कारधा अशी वस्तीची वाटणी नदीने केली आहे, तशीच एक वाटणी तिच्या पाण्याच्या आतही झालेली असते. पाण्यावर पडणारे किडे टिपणारे लहान मासे वरच्या थरात वावरतात, थव्याने हिंडणारे मधला थर धरून राहतात, तर वाघूर आणि बाम यांसारखे मासे तळाच्या गाळात व कपारींत अन्न शोधतात. घरातील काचेच्या पेटीत गोड्या पाण्यातील दोन जाती एकत्र ठेवू पाहणारा माणूस दुकानदाराला बहुधा एवढेच विचारतो की, हे दोघे भांडणार तर नाहीत ना. परंतु भांडण हा नंतरचा भाग असून त्याचे मूळ जागा, अन्न आणि आसरा यांच्या वाटणीत असते, आणि ती वाटणी समजून घ्यायची तर भंडारा-गोंदियाच्या तलावांकडे पाहणे उपयोगाचे ठरते.

या तलावांना 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची पद्धत 1950 च्या कायद्याने मोडीत निघाली आणि तलाव शासनाकडे आले. कोहळी समाजाने मुख्यतः धानाच्या सिंचनासाठी बांधलेल्या या तलावांत पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी केली ती ढिवरांनी, आणि आज त्यांत प्रामुख्याने कतला, रोहू आणि मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्ले, सोडली जातात. तिन्ही जाती एकाच कार्प कुळातल्या असल्या तरी त्यांची तोंडे नीट पाहिली की एका पाण्यात त्या कशा नांदतात हे उलगडते. कतल्याचे डोके मोठे आणि तोंड वर वळलेले असते, त्यामुळे तो पृष्ठभागाजवळील सूक्ष्म प्राणी गाळून खातो. रोहूचे ओठ झालरीसारखे कातरलेले असतात आणि तो मधल्या थरातील वनस्पतिजन्य अन्न खरवडून घेतो. मृगळाचे तोंड खालच्या बाजूला असल्याने तळाशी साचलेला कुजका पालापाचोळा त्याच्या वाट्याला येतो. यालाच संमिश्र मत्स्यपालन म्हणतात. हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नसल्यामुळे पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे; 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालील पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून बीज हवे तेथे मिळण्याची वाट मोकळी झाली.

ही सोबत मात्र वाटते तितकी निरागस नाही. मत्स्यपालनाच्या तळ्यात बीज सोडण्याआधी मोहाची ढेप टाकण्याची पद्धत आहे. तिच्यातील सॅपोनिन या द्रव्याने माशांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि मरळ, वाघूर यांसारखे शिकारी मासे मरतात. तीन जातींच्या सलोख्यामागे चौथ्या-पाचव्या जातीची हकालपट्टी असते, हे शौकीन मत्स्यपालकानेही लक्षात ठेवावे. शिवाय एकाच थरात एकाच अन्नावर जगणाऱ्या दोन जाती शांत स्वभावाच्या असल्या तरी एकीची पीछेहाट होते. हिमाचल प्रदेशातील गोविंदसागर जलाशयात 1971 मध्ये चंदेरी कार्प अपघाताने शिरला आणि पुढे तोच तेथील मुख्य मासा होऊन कतल्याचे प्रमाण घसरले. कोणी कोणाला चावले नव्हते.

काचेच्या पेटीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण तेथे अंतर नसते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत काठोकाठ भरूनही जेमतेम 56 लिटर पाणी मावते. म्हणून पहिली कसोटी तोंडाची: जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो तो आज ना उद्या त्याच्या पोटात जातो, आणि लहानपणी निऑन टेट्रांसोबत निमूट राहिलेला एंजल मासा वाढल्यावर त्यांचाच फडशा पाडतो. चांदा नावाचा काचेसारखा पारदर्शक देशी मासा तर इतका नाजूक दिसतो की त्याच्यावर संशय घेणे जिवावर येते. प्रत्यक्षात तो इतर माशांच्या अंगावरचे खवले उपटून खातो.

दुसरी कसोटी पाण्याची. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा असून एंजलसारख्या उष्ण प्रदेशातील माशाला सुमारे 24 ते 30 अंश सेल्सिअस तापमान मानवते, तरीही ही जोडी दुकानांतून सर्रास विकली जाते. कारध्यासारख्या गावात मे महिन्यातील उन्हाने घरातले पाणीही तापते, आणि पाणी जितके गरम तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साडेसातच्या आसपास. गोल्डफिश खातोही पुष्कळ आणि त्याच्या उत्सर्जनातून अमोनिया हे विषारी द्रव्य पाण्यात मिसळते. त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये वाढायला काही आठवडे लागतात. त्याआधीच दोन्ही जाती एकदम सोडल्या तर मासे मरतात आणि दोष फुकाच त्यांच्या भांडणाला दिला जातो.

देशी जोडी हवी असेल तर पट्टेदार गुरामी आणि दोन काळ्या ठिपक्यांचा टिक्टो बार्ब यांचा विचार करता येतो. गुरामीच्या डोक्यात हवेतून प्राणवायू घेणारे चक्रव्यूहासारखे इंद्रिय असते, त्यामुळे तो वरच्या थरात रेंगाळून मधूनमधून हवा घेतो. बार्ब मधल्या आणि खालच्या थरात फिरतात, आणि ते सहा किंवा अधिक असले की त्यांची धुसफूस आपसातच राहून गुरामीच्या दोऱ्यासारख्या लांब परांना सहसा त्रास होत नाही. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात तलावांचे पुनरुज्जीवन करताना लावण्यात आलेल्या हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया याच पाणवनस्पती पेटीतही दाट लावाव्यात, कारण नजरेआड होण्याची सोय असली की पाठलाग लवकर थांबतो. एवढे करूनही विणीच्या काळात गुरामीचा नर पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो, त्याखाली पहारा देतो आणि महिनोन्‌महिने शेजारी राहिलेल्या बार्बांना पेटीच्या दुसऱ्या टोकाला पिटाळून लावतो. पिल्ले पोहू लागेपर्यंत बार्ब दुसऱ्या भांड्यात ठेवावे लागतात.