‘सुजेची गोळी’: समज काय, वस्तुस्थिती काय

दाढ काढली, पाय मुरगळला, हाताला प्लास्टर घातलं, की डॉक्टरांच्या चिठ्ठीत एक गोळी बहुतेक वेळा असतेच. घरोघरी तिचं नाव ‘सुजेची गोळी’. चार-पाच दिवस घ्यायची, सूज उतरली की उरलेल्या गोळ्या औषधांच्या डब्यात. पुढे कधी आजीचा गुडघा सुजतो, कधी बाबांचे पाय, आणि त्याच गोळ्या पुन्हा बाहेर निघतात. संपल्याच असतील तर मेडिकलवर रिकामी स्ट्रिप दाखवली की काम होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असं त्या स्ट्रिपवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, पण ते ना विकणारा वाचतो ना घेणारा. पहिल्यांदा लिहून दिलेल्या गोळीपेक्षा मला काळजी वाटते ती डब्यातून परत निघणाऱ्या या गोळीची.

या गोळ्यांमध्ये एन्झाइम असतं, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर. भारतात प्रामुख्याने तीन प्रकार दिसतात: सेराटिओपेप्टिडेज, ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिनची जोडी आणि अननसापासून काढलेलं ब्रोमेलेन. तिन्हींचं काम एकच, प्रथिनं तोडणं. मटण लवकर शिजावं म्हणून आपण त्याला कच्च्या पपईचा गर लावतो, तिथे पपईतलं पपेन हेच करत असतं. शरीराला मार लागला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. पाणी आणि प्रथिनं बाहेर येऊन पेशींच्या मधल्या जागेत साचतात, फायब्रिन या प्रथिनाचं जाळं तयार होतं आणि भाग फुगतो. एन्झाइमने ही साचलेली प्रथिनं तोडली तर पाण्याचा निचरा लवकर होईल, असं या उपचारामागचं गृहीतक आहे. गृहीतक चुकीचं वाटत नाही. पण रोग्याच्या शरीरात ते कितपत उतरतं, हे तपासूनच ठरवावं लागतं.

“गोळी घेतली आणि सूज उतरली, म्हणजे गोळीनेच उतरली”

अक्कलदाढ काढल्यानंतर गालावरची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. नंतर ती आपोआप कमी होत साधारण आठवड्याभरात जाते. गोळी सुरू होते पहिल्या दिवशी आणि संपते पाचव्या दिवशी. म्हणजे गोळी घेतली काय, न घेतली काय, पाचव्या दिवशी गाल उतरलेलाच दिसणार. घोट्याच्या साध्या मुरगळण्याचंही तेच. म्हणून एकट्या रोग्याचा अनुभव, तो कितीही प्रामाणिक असला तरी, इथे पुरावा ठरत नाही. निम्म्या रोग्यांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निव्वळ खोटी गोळी देऊन, कोणाला काय मिळालं ते शेवटपर्यंत झाकून ठेवूनच फरक कळतो.

सेराटिओपेप्टिडेजच्या बाबतीत हे सर्वांत स्पष्टपणे घडलं ते जपानमध्ये. हे एन्झाइम मूळचं तिथलंच. रेशमाच्या किड्याच्या आतड्यात सापडलेल्या सेराशिया जातीच्या जिवाणूपासून ते काढलं गेलं. ताकेदा कंपनीने ते ‘डाझेन’ नावाने बाजारात आणलं आणि काही दशकं जपानी डॉक्टर ते सर्रास लिहून देत राहिले. पुढे जुन्या औषधांच्या फेरतपासणीत कंपनीला नव्याने चाचण्या कराव्या लागल्या. जुनाट ब्राँकायटिस आणि मुरगळलेला घोटा या दोन्हींमध्ये हे औषध खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. फेब्रुवारी 2011 मध्ये ताकेदाने ते स्वतःहून बाजारातून परत घेतलं. औषध विषारी निघालं म्हणून नव्हे, उपयोग सिद्ध करता आला नाही म्हणून. आपल्याकडे तेच सेराटिओपेप्टिडेज आजही रोज लिहून दिलं जातं. ही गोष्ट भारतातल्या प्रत्येक रोग्याला माहीत असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

बाजू दुसरीही आहे. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर 66 रोग्यांची तुलना केली होती. त्यात सेराटिओपेप्टिडेज घेणाऱ्यांची सूज तिसऱ्या दिवशी निम्म्यावर आली होती. दाढेच्या शस्त्रक्रियेनंतर सूज किंवा जबड्याचा आखडलेपणा थोडा कमी झाल्याचं सांगणारे छोटे अभ्यासही आहेत. पण असे अभ्यास बहुतेक जुने, लहान आणि सैल आखणीचे. उलट 2004 मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत घोटा मुरगळलेल्या 721 जणांना ट्रिप्सिन, ब्रोमेलेन आणि रुटोसाइड (हे एन्झाइम नव्हे, वनस्पतीजन्य द्रव्य) वेगवेगळं व एकत्रही देऊन पाहिलं, आणि खोट्या गोळीच्या तुलनेत फायदा दिसला नाही. हे सगळं समोर ठेवलं तर माझं मत असं बनतं: ही गोळी कोणाला थोडीफार मदत करतही असेल, पण ती न घेतल्याने कोणाची सूज अडून राहत नाही. डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी लिहून दिली तर घ्यावी, मात्र तिच्यावर महिना काढू नये.

“ही पेनकिलर नाही, त्यामुळे निर्धोक आहे”

आता घरातली स्ट्रिप हातात घेऊन उलटी करा आणि मागचं बारीक वाचा. नावाच्या शेवटी ‘एसपी’ असेल तर बहुतेक वेळा मजकूर असा असतो: अॅसिक्लोफेनॅक 100 मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम, सेराटिओपेप्टिडेज 15 मिलिग्रॅम. म्हणजे ज्या गोळीला आपण सुजेची गोळी म्हणतो, तिच्यात जोरकस वेदनाशामक बसलेलं आहे. काही गोळ्यांत अॅसिक्लोफेनॅकऐवजी डायक्लोफेनॅक असतं. दोन डोसांनंतर दुखणं थांबलं, हलकं वाटलं, तर त्याचं श्रेय एन्झाइमला नाही, या वेदनाशामकाला आहे. आणि धोकाही त्याचाच आहे.

अॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गटातली औषधं जठराचं अस्तर दुखावतात, जुना अल्सर असेल तर रक्तस्राव घडवू शकतात, काही दमेकऱ्यांचा दमा उफाळून आणतात. मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह ती कमी करतात आणि शरीरात मीठ व पाणी धरून ठेवतात. ज्याचे पाय हृदय किंवा मूत्रपिंड थकल्यामुळे सुजले आहेत, त्याने ही गोळी घेतली तर सूज उतरण्याऐवजी वाढते. सत्तरीच्या माणसाला घरच्यांनी मायेने दिलेली गोळी त्याला दवाखान्यात दाखल करायला लावू शकते.

रक्तदाबाच्या रोग्यांनी विशेष जपावं. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड ही जोडगोळी आपल्याकडे लाखो घरांत आहे. तिच्या जोडीला अॅसिक्लोफेनॅक आलं की मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी ताण येतो. त्यात उलट्या-जुलाब असतील किंवा उन्हाने अंगातलं पाणी कमी झालं असेल, तर मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन काही दिवसांत वर जाऊ शकतं.

पावसाळ्यातला धोका वेगळा. जुलै ते नोव्हेंबर डेंग्यूचे दिवस. ताप, अंगदुखी, सांधे धरलेले. अशा वेळी डब्यातली एसपी गोळी सगळ्यात आधी हाताला लागते. डेंग्यूत प्लेटलेट घटतात, रक्तस्रावाची भीती असते, म्हणून तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्यावं आणि हा वेदनाशामक गट टाळावा, असंच सांगितलं जातं. तापाचं कारण कळेपर्यंत एसपीला हात लावू नये.

एन्झाइम एकटं असलं तरी ते अगदीच निरुपद्रवी नाही. वॉरफरिन, अॅसेनोकोमॅरॉल, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर सर्जनला या गोळीबद्दल आधी सांगावं. अंगावर पित्त उठणं, मळमळ, जुलाब हे त्रास होऊ शकतात. क्वचित फुप्फुसाला अॅलर्जीचा न्यूमोनिया झाल्याच्या नोंदीही जपानमधून आलेल्या आहेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी सुरक्षिततेची माहिती अपुरी आहे, त्यामुळे त्यांनी स्वतःहून घेऊ नये.

“नैसर्गिक आहे, वनस्पतींपासूनच बनतं”

ब्रोमेलेन अननसाच्या देठातून आणि खोडातून काढतात. ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन मात्र पारंपरिकरीत्या डुकराच्या किंवा गाई-बैलांच्या स्वादुपिंडापासून मिळवतात. शाकाहारी, जैन, मुसलमान अशा अनेक घरांत हे कळलं तर गोळी नको म्हणतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं, पर्याय असतात. सेराटिओपेप्टिडेज आज टाक्यांमध्ये जिवाणू वाढवून तयार होतं, त्यासाठी रेशमाचे किडे लागत नाहीत.

मग गोळीऐवजी अननसच खावा का? फळ जरूर खावं, पण औषधी ब्रोमेलेन मुख्यतः खोडातलं. फळातलं थोडंफार असतं ते शिजवल्यावर किंवा डबाबंद केल्यावर निकामी होतं. अननसाची किंवा पपईची अॅलर्जी असणाऱ्याने मात्र ही एन्झाइम टाळावीत. पपेनचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे: जखमेवर लावायची पपेनची मलमं अॅलर्जीच्या गंभीर तक्रारींमुळे 2008 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बंद करायला लावली.

“कुटून दिली तरी चालते”

इथे गोळीचा सगळा अर्थच जातो. एन्झाइम स्वतः प्रथिन आहे, जठरातलं आम्ल त्याला मोडून टाकतं. म्हणून या गोळीवर आम्लात न विरघळणारा थर असतो. तो लहान आतड्यात गेल्यावरच सुटतो. गोळी चावली, कुटली, अर्धी केली की थर तुटला. एकट्या एन्झाइमची गोळी म्हणूनच रिकाम्या पोटी, जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा दोन तासांनी, पाण्याबरोबर आख्खी गिळायला सांगतात. आता एसपी गोळीची गोम बघा. तिच्यातल्या एन्झाइमला रिकामं पोट हवं आणि वेदनाशामकाला भरलेलं. पोट सांभाळायचं म्हणून ती जेवणानंतर घ्यायला सांगतात, आणि एन्झाइमची सोय बाजूला राहते. या दोघांना एका गोळीत कोंबण्यात रोग्याचं हित कुठे आहे, हे मला आजवर पटलेलं नाही.

थर शाबूत राहिला तरी प्रश्न संपत नाही. प्रथिनाचा एवढा मोठा रेणू आतड्यातून रक्तात फार थोडा शिरतो, आणि रक्तातली अल्फा-2-मॅक्रोग्लोब्युलिनसारखी प्रथिनं त्याला लगेच धरतात. पचनासाठी जेवणाबरोबर घ्यायच्या एन्झाइमची गोष्ट निराळी. त्यांना आतड्यातच काम करायचं असतं, रक्तात जायचं नसतं. ती गोळी सुजेवर चालत नाही आणि ही गोळी पचनावर.

एन्झाइममुळे अँटिबायोटिक खोलवर पोहोचतं, असंही सांगितलं जातं. प्रयोगशाळेतल्या काही निरीक्षणांवर ते आधारलेलं आहे, रोग्यांमध्ये तसा ठाम फायदा दिसलेला नाही.

“सूज ती सूज, गोळी एकच”

सगळ्यात जास्त नुकसान या समजाने होतं. ही गोळी लिहिली जाते ती मार, मुरगळ किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेसाठी. तिथेही पहिले दोन दिवस खरं काम विश्रांती, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर उंच ठेवणं यांनी होतं. ताज्या मुरगळीला तेल लावून चोळून घेतलं तर आतला रक्तस्राव वाढतो. दाढेखाली पू झाला असेल तर तो बाहेर काढावाच लागतो.

संध्याकाळी दोन्ही घोट्यांवर अंगठा दाबून धरा. खळगा पडून राहत असेल तर ते पाणी साचल्याचं लक्षण आहे, आणि कारण हृदय, मूत्रपिंड, यकृत यांत शोधायचं असतं. कित्येकदा कारण चालू असलेली गोळीच असते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या अॅम्लोडिपिनने अनेकांचे घोटे सुजतात. डॉक्टरांनी औषध बदललं की सूज उतरते, एन्झाइमने नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात पाय वारंवार सुजत असेल तर हत्तीरोगाची तपासणी आधी करावी.

काही सुजा तर दुसऱ्या दिवसावरही ढकलू नयेत. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर ती नसेतली गुठळी असू शकते. सुजेवर लाली, गरमपणा आणि सोबत थंडीताप असेल तर जंतुसंसर्ग पसरतोय. लहान मुलाचे डोळे-चेहरा सकाळी फुगलेले दिसले आणि लघवी कमी झाली तर मूत्रपिंड तपासायला हवं. गरोदर बाईच्या हातांवर, चेहऱ्यावर सूज येऊन डोकं दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर त्याच तासाला रक्तदाब मोजून घ्यावा. ओठ, जीभ, घसा सुजून श्वास अडत असेल तर थेट इमर्जन्सी गाठावी. आणि पावसात बांधावर किंवा कातळावर घोणस-फुरसं चावून पाय सुजत चालला असेल, तर कुठलीही गोळी शोधण्यात वेळ घालवू नये. तिथे सर्पविषावरचं इंजेक्शनच लागतं, आणि सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळतं.