मोसंबीवरील डिंक्या रोग

राजूर ज्या जालना जिल्ह्यात आहे, तेथील मोसंबीस २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. या फळझाडाचा मोठा शत्रू म्हणजे डिंक्या रोग. त्यात बुंध्याची साल कुजून डिंक स्रवतो. कुजीचा वेढा पूर्ण होताच झाड वाळते. रोगकारक फायटॉफ्थोरा पूर्वी कवकांत गणला जाई. परंतु त्याच्या पेशीभित्तिका प्रामुख्याने कायटिनच्या नसून ग्लुकन व सेल्युलोजच्या असतात, आणि दोन कशाभिका असलेली त्याची बीजुके पाण्यातून पोहत सालीपर्यंत पोहोचतात. यास्तव औषधापूर्वी पाण्याचा विचार करणे अगत्याचे ठरते. दुहेरी आळे करून बुंधा कोरडा राखावा. मोसंबीच्या सालीपेक्षा रंगपूर लिंबाचा खुंट अधिक तग धरतो. म्हणून कलमाचा सांधा मातीपासून उंच असावा. पावसाळ्याच्या आधी व नंतर बुंध्यास बोर्डो मलम लावावे. मात्र साचलेल्या पाण्यात केवळ मलम पुरे पडत नाही.