कोंडवाडा म्हणजे काय?

गाईबैलांचा गोठा, कोंबड्यांचं खुराडं, मेंढरांचा वाडा हे शब्द आपल्या रोजच्या तोंडातले. आज आम्ही बोलणार आहोत कोंडवाड्याबद्दल.

'कोंडणे' आणि 'वाडा' मिळून हा शब्द झाला. इथला वाडा पाटलाचा चौसोपी नव्हे, तर कुंपण घातलेली जागा. दुसऱ्याच्या पिकात शिरलेली किंवा मोकाट जनावरं जिथं कोंडतात, तो कोंडवाडा. मालकानं दंड आणि चारापाण्याचा खर्च भरला की जनावर सुटतं.

इंग्रजांनी यासाठी 1871 साली कायदा केला. जनावराला चारापाणी देणं आणि वहीत नोंद करणं ही कोंडवाड्याच्या रखवालदाराची जबाबदारी ठरवली. मालक आलाच नाही, तर दवंडी देऊन लिलाव. पण खर्च वजा जाता उरलेले पैसे मालकाचे.

पांजरपोळ मात्र वेगळी. तिथं दंड नसतो. म्हाताऱ्या, लंगड्या, बेवारस जनावरांना दयेपोटी सांभाळतात. मुंबईत 1834 साली पांजरपोळ सुरू झाली, ती भटक्या कुत्र्यांना मारण्याचा सरकारी हुकूम निघाल्यानंतर.

कोंडवाडा हा शब्द माणसांनाही लागतो. खच्चून भरलेल्या एसटीला आपण म्हणतो, "नुसता कोंडवाडा झालाय." एखादी सून म्हणते, "हे घर म्हणजे कोंडवाडा आहे." तेव्हा तिला जागा अपुरी पडते असं नव्हे, तिला बाहेर पडायची मोकळीक नसते. कवी दया पवार यांनी 1974 साली आपल्या कवितासंग्रहाला हेच नाव दिलं.

आता कामाचं. गटाच्या कर्जावर घेतलेली शेळी कोंडवाड्यात गेली, तर आपला हप्ताच अडकतो. भांडण होईल म्हणून घरी बसू नका. जितके दिवस जातील, तितका चाऱ्याचा खर्च चढतो. त्याच दिवशी ग्रामपंचायतीत जा. एकटीला अवघड वाटलं तर गटातल्या दोघींना सोबत न्या. शेळीची खूण, कानातल्या बिल्ल्याचा नंबर सांगा. दंड किती, चाऱ्याचे किती, हे वेगवेगळं विचारा. पैसे भरले की पावती घ्याच.

येत्या बैठकीत आपल्या गावच्या कोंडवाड्याचे दर विचारून गटाच्या वहीत लिहून ठेवा. आणि एखादी मैत्रीण "घराचा कोंडवाडा झालाय" म्हणाली, तर तिचं म्हणणं नीट ऐकून घ्या.