उंच पोरांचे पाय

आमच्या कर्जत-खालापूर भागात मैदान म्हटलं की कबड्डी. भाताची झोडणी उरकली की काशेळे, कडाव, चौक, वावोशी असे गावोगाव सामने लागतात, रात्री दिव्यांच्या उजेडात माणूस मावत नाही. बास्केटबॉलचे खांब मात्र मोजक्याच शाळांत. अशाच एका शाळेत मी सत्तावीस वर्षं व्यायामशिक्षक होतो. एवढ्या वर्षांत मला सगळ्यांत जास्त छळणारा प्रश्न एकच: वर्गातल्या ताडमाड पोराचं आपण करतो काय?

शाळेत त्याला शेवटचा बाक मिळतो, फोटोत मागची रांग आणि पंधरा ऑगस्टला पताका बांधायचं काम. कबड्डीच्या किशोर गटात वजनाची मर्यादा असते. नववीत सहा फुटांना टेकलेला, हाडापेरानं मोठा पोरगा अनेकदा त्या काट्यावरच बाद होतो. मग आमच्यासारखा मास्तर त्याला बास्केटखाली नेऊन उभा करतो आणि सांगतो, "हात वर ठेव, हलू नकोस."

मीही तेच केलं होतं. काशेळ्याच्या पुढच्या एका ठाकूरवाडीतला मुलगा, नववीत सहा फूट एक इंच. पहिल्याच सामन्यात त्याच्या हातात चेंडू नीट आला. उडी मारण्यासाठी त्यानं तो कमरेपर्यंत खाली घेतला आणि समोरच्या पाच फुटी पोरानं अलगद काढून नेला. असं चार वेळा झालं. मध्यंतरात तो घाम पुसत म्हणाला, "सर, माझी उंची माझ्याच कामाला येत नाही." चूक माझी होती. मी त्याला उभं राहायला शिकवलं होतं, खेळायला नाही.

बास्केटच्या जवळ, पाठ बास्केटकडे करून खेळायच्या खेळाला खेळाडू 'पोस्ट' म्हणतात. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते, तेव्हा उंच माणसाला फायदा असणारच. पण रिंगखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात, चेंडू आपल्या संघाकडे असताना, सलग ३ सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. म्हणजे तेवढ्या वेळात जागा धरायची, चेंडू घ्यायचा, वळायचं आणि टाकायचा. हे सगळं पायांचं काम आहे, आणि वाढत्या वयाच्या उंच मुलाचे पायच सगळ्यांत मागे पडलेले असतात. तेरा-चौदाच्या सुमाराला मुलगा वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर वाढू शकतो. हाडं पुढे धावतात, स्नायू मागून येतात. गुडघ्याखालच्या हाडाचा उंचवटा दुखतो, धावताना पायात पाय येतो. अशा पोराला आपण 'आळशी' म्हणतो, तेव्हा त्याच्यावर अन्याय करतो.

या खेळाचा जन्म १८९१ सालचा, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावचा. पण उंच माणसाला शिकवावं लागतं हे नीट उमगायला पन्नास वर्षं गेली. १९४२ मध्ये शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात जॉर्ज मायकन नावाचा चष्मेवाला, ६ फूट १० इंची, अवघडलेला मुलगा आला. तिथले तरुण प्रशिक्षक रे मेयर यांनी त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, हवेत बॉक्सिंग करायला लावलं, चक्क नृत्याच्या वर्गाला घातलं. पुढे त्यानं मिनियापोलिसच्या संघाला पाच अजिंक्यपदं मिळवून दिली. त्याला आवरायला १९५१ मध्ये रिंगखालचा पट्टा ६ फुटांवरून १२ फूट रुंद करावा लागला. त्याच्या नावाचा सराव आजही जगभर चालतो. रिंगखाली उभं राहून एकदा उजव्या बाजूनं उजव्या हातानं, एकदा डाव्या बाजूनं डाव्या हातानं चेंडू टाकायचा. पडता चेंडू वरच्यावर झेलायचा आणि हनुवटीच्या खाली येऊ द्यायचा नाही. माझ्या ठाकूरवाडीच्या पोराला नेमकं हेच कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरं नाव पीट न्यूवेल यांचं. १९६० च्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकी संघाचे ते प्रशिक्षक. १९७६ मध्ये कर्मिट वॉशिंग्टन हा व्यावसायिक खेळाडू त्यांच्याकडे शिकवा म्हणून गेला, आणि त्यातून उंच खेळाडूंसाठीचं त्यांचं शिबिर उभं राहिलं. लाखो डॉलर मिळवणारे खेळाडू तिथे येऊन पाऊल कसं टाकायचं हे पहिल्यापासून गिरवत. मोठ्या नावाच्या माणसालाही बाराखडीकडे परत यायला कमीपणा वाटू नये, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण आपल्या भागासाठी सगळ्यांत कामाचं उदाहरण हकीम ओलाजुवॉनचं. नायजेरियातल्या लागोसचा हा मुलगा फुटबॉल आणि हँडबॉल खेळत मोठा झाला, बास्केटबॉल हातात आला तो उशिरा, किशोरवयात. रिंगकडे पाठ करून खांद्यानं एकीकडे हूल द्यायची आणि पायानं दुसरीकडे निसटायचं, ही त्याची चाल अडवणं भल्याभल्यांना जमलं नाही. ह्यूस्टनच्या संघानं १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदं मिळवली ती त्याच्या जोरावर. पाय दुसऱ्या खेळातून आले होते.

आणि हूल द्यायला आमच्या पोरांना कोण शिकवणार? कबड्डीत चढाईला गेलेला पोरगा खांदा उजवीकडे टाकून पाय डावीकडे काढतो, ते तो चौथी-पाचवीपासून करत असतो. कोपऱ्यातला खेळाडू गुडघ्यात वाकून, चवड्यांवर वजन घेऊन, डोळे चढाईपटूच्या कमरेवर ठेवतो. पोस्टमध्ये पवित्रा हाच लागतो. अंगाला अंग भिडण्याची भीती तर आमच्याकडे नाहीच. फरक एवढाच, की पोस्टमध्ये प्रतिस्पर्धी पाठीमागे असतो आणि त्याला डोळ्यांऐवजी पाठीनं पाहावं लागतं. तो उजव्या खांद्यावर रेलला की उजवा पाय रोवायचा, डावा पाय मागे रिंगकडे टाकायचा आणि वळायचं. डाव्यावर रेलला तर उलट. कबड्डी खेळलेल्या मुलाला हे मी दोन आठवड्यांत शिकवलं आहे. चेंडू घेताना दोन्ही पाय एकदम टेकवायचे, म्हणजे कुठलाही पाय रोवायची मुभा राहते, एवढी एक गोष्ट त्याला वेगळी घोटून घ्यावी लागते.

भारतात हा खेळ रुजवला वायएमसीएनं. हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं, तिथून शिक्षक देशभर गेले. मुंबईत तो नागपाड्याच्या गल्ल्यांत मुरला. तिथले खेळाडू अब्बास मुंतसिर यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. कर्जत लोकलनं भायखळ्याला उतरून मी कितीदा तरी मुलांना तिथले सामने पाहायला नेलं आहे. घरच्यांनी वर्गणी काढून तिकिटाचे पैसे दिलेले असत.

उंच मुलांची शोधाशोध मात्र पंजाबात झाली. लुधियानाच्या अकादमीत प्रशिक्षक डॉ. सुब्रमण्यम यांच्या हाताखाली सतनामसिंग भामरा घडला. बल्लोके या खेड्यातल्या शेतकऱ्याचा हा सात फूट दोन इंची मुलगा चौदाव्या वर्षी फ्लोरिडाला गेला आणि २०१५ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धेतल्या संघानं निवडलेला पहिला भारतीय ठरला. एनबीएच्या मुख्य सामन्यात तो कधी उतरला नाही, पण एका खेड्यातल्या पोराला कुणीतरी वेळेवर पाहिलं, हे लहान काम नव्हे. भिलाईत प्रशिक्षक राजेश पटेल यांनी मुलींसाठी असंच आयुष्य वेचलं. ६ फूट ११ इंचांची पूनम चतुर्वेदी त्यांच्याकडेच तयार झाली.

आता खेळ बदलला आहे, लांबून तीन गुणांचे फटके वाढले आहेत, मग पोस्ट शिकवून काय उपयोग, असं तरुण सहकारी विचारतात. मी त्यांना निकोला योकिचचे सामने पाहायला सांगतो. सर्बियाच्या सोंबोर गावचा हा खेळाडू फार उंच उडत नाही, फार वेगानं धावत नाही. एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये त्याची निवड झाली. पाठ रिंगकडे, चेंडू हनुवटीशी, कोपरं बाहेर, आणि नजर मोकळ्या साथीदारावर. दोघं अंगावर आले की तिसऱ्याला पास. लांबून टाकायलाही मुलांना शिकवावंच, पण पाय पक्के झाल्यावर.

आमच्या अडचणी वेगळ्या आहेत. शालेय स्पर्धा नेमक्या पावसात येतात. सिमेंटच्या मैदानावर शेवाळ धरतं, मातीच्या मैदानावर चेंडू उसळत नाही. म्हणून आम्ही जून ते सप्टेंबर व्हरांड्यात काम करायचो. गेरूनं फरशीवर दोन पावलं काढायची, त्यावर वळायचं, पाठीला दप्तर लावून मागून एकानं रेटायचं. चेंडूच लागत नाही. पाऊस उघडून मैदान हाती येईपर्यंत दिवाळी येते, आणि दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात. माझ्याकडची सगळ्यांत उंच मुलगी, हुक शॉट डाव्या हातानंही टाकणारी, सातवीच्या वर्षी अशीच गेली. मार्चमध्ये परत आली तेव्हा खोकत होती आणि वजन उतरलं होतं. वाढत्या हाडांना भाताबरोबर अंडं, शेंगदाणे, हरभरा लागतो. माझ्या सरावाच्या वहीत तिच्या नावापुढे चार महिन्यांचे रकाने कोरे आहेत. त्यांची बोच मला अजून आहे.

ठाकूरवाडीच्या मुलाला पुढच्या पावसाळ्यात मी व्हरांड्यात घेतलं. दहावीच्या वर्षी त्याच्या हातातला चेंडू कुणी काढून नेल्याचं मला आठवत नाही.

या भागातल्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे. येत्या जूनमध्ये शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाला, त्या मुलीला व्हरांड्यात बोलवा. खांब आणि चेंडू नसला तरी चालेल. गेरूचा एक खडा घ्या, फरशीवर दोन पावलं काढा आणि सुरुवात करा.