गाडीस लावावयाचें वळण

जुनी मोटारसायकल हातीं आली कीं तरुणांचें लक्ष वेगाकडे जातें. परंतु जिवाची परीक्षा होते ती वळणावर. १९५० सालीं नॉर्टन कंपनीनें आपल्या जुन्या धाटणीच्या इंजिनास रेक्स मॅककँडलेस यांचा ‘फेदरबेड’ हा नवा सांगाडा दिला, आणि जेफ ड्यूक यांनीं आईल ऑफ मॅनची सीनियर शर्यत जिंकली. बळास आधार हवा, हें यांतील तात्पर्य.

म्हणून हँडलचा कोनसेट, मागील स्विंग आर्मचे बुश, फोर्कमधील तेल, चाकांची सरळ रेषा आणि टायरांतील हवा हीं आधीं तपासावीं. यांतील एकांत जरी दोष राहिला तरी गाडी वळणांत डुलूं लागते. वेगही वळणापूर्वींच कमी करावा. वडील मंडळींनीं नातवास कर्कश सायलेन्सर घेऊन देण्यापेक्षां झिजलेले बुश बदलून द्यावेत, असें आम्हांस वाटतें.