जुनी नोंद न पुसणारे दप्तर

पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेसचा परिचय लिहावा, असे संपादकांनी सुचविले, तेव्हा त्याच्या वाढीचा वृत्तांत सांगावा एवढाच माझा इरादा होता. परंतु त्याची अंतर्रचना समजून घेत असता व्हॅक्यूम नामक एका यंत्रणेवर माझे चित्त असे जडले, की या प्रणालीचे सामर्थ्य आणि तिच्या भवितव्याची चिंता या दोहोंचे मूळ मला तेथेच दिसू लागले.

इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात इंग्रेस हा डेटाबेस घडविणाऱ्या मायकेल स्टोनब्रेकर यांनी 1986 साली हा नवा प्रकल्प आरंभिला. विद्यापीठाने तो आटोपता घेतल्यावर अँड्र्यू यू आणि जॉली चेन या विद्यार्थ्यांनी त्यास एसक्यूएलची जोड दिली, आणि 1996 पासून पोस्टग्रेसक्यूएल या नावाने देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी व पगारी अभियंत्यांनी तो वाढविला. मायएसक्यूएल या दुसऱ्या ओपन सोर्स डेटाबेसची मालकी 2008 मध्ये सन कंपनीकडे आणि 2010 मध्ये ओरॅकलकडे गेली. पोस्टग्रेसच्या बाबतीत तसा सौदा संभवत नाही, कारण त्याची मालकी कोणा एका कंपनीच्या हाती नाही.

स्टोनब्रेकर यांचा मूळ संकल्प विलक्षण होता. निष्णात कारकून चुकलेली रक्कम न खोडता खाली नवी नोंद करतो, त्याप्रमाणे डेटाबेसनेही जुनी नोंद जागच्या जागी बदलू नये, म्हणजे गतकाळातील कोणत्याही क्षणाची स्थिती विचारता येईल, अशी ती योजना होती. भूतकाळात डोकावण्याची ती सोय 1997 साली काढून टाकण्यात आली. तथापि सांगाडा तोच राहिला, आणि त्याच्याच आधारावर 1999 मध्ये वादिम मिखेयेव यांनी वाचणाऱ्याने लिहिणाऱ्यास व लिहिणाऱ्याने वाचणाऱ्यास न अडविण्याची व्यवस्था सिद्ध केली.

ही व्यवस्था प्रत्यक्ष पाहता येते. एका खातेदाराची शिल्लक 500 आहे. ती 400 करण्याचा हुकूम दिला, की 500 ची ओळ फाइलीत तशीच राहते. तिच्या शीर्षातील एक्समॅक्स या रकान्यात तिला रद्द करणाऱ्या व्यवहाराचा क्रमांक पडतो, आणि 400 ची नवी ओळ आपल्या एक्समिनमध्ये तोच क्रमांक घेऊन अन्य जागी अवतरते. व्यवहार पक्का होण्यापूर्वीच ज्याने वाचन सुरू केले, त्यास 500 दिसतात. नंतर येणाऱ्यास 400. पहिल्या ओळीची कोणालाही गरज उरली नाही, की व्हॅक्यूम येऊन ती जागा पुन्हा वापरण्यास मोकळी करतो. हे काम आपोआप करणारा ऑटोव्हॅक्यूम 2005 च्या 8.1 आवृत्तीपासून मूळ प्रणालीतच समाविष्ट आहे.

परंतु अडचणी येथूनच सुरू होतात. एखादा व्यवहार तासन्‌तास उघडा राहिला, तर तो पाहू शकेल अशा रद्द झालेल्या ओळी व्हॅक्यूमला हटविता येत नाहीत आणि तक्ते फुगत जातात. त्याहून गंभीर बाब व्यवहारांच्या क्रमांकांची आहे. हे क्रमांक 32 बिटांचे, म्हणजे सुमारे चार अब्ज, असून ते वर्तुळाकार मोजले जातात. जुन्या ओळी व्हॅक्यूमने वेळेवर ‘गोठविल्या’ नाहीत, म्हणजे कायमच्या जुन्या ठरविल्या नाहीत, तर भूतकाळ भविष्यकाळासारखा भासू लागेल, म्हणून सुमारे तीस लाख क्रमांक शिल्लक असतानाच प्रणाली नवे लेखन नाकारते. दिवसाकाठी कोट्यवधी व्यवहार करणाऱ्या संस्थेवर असा प्रसंग ओढवणे म्हणजे भर बाजाराच्या वेळी कचेरीला टाळे लागणे होय.

उपाय सुचले नाहीत, असे नाही. पुण्यातही ज्या कंपनीचे अभियंते काम करतात त्या एंटरप्राइझडीबीने झीहीप ही निराळी साठवण आरंभिली, परंतु ती मुख्य प्रणालीत सामील झाली नाही. क्रमांक सरसकट 64 बिटांचे करावेत तर प्रत्येक ओळीचे शीर्ष वाढते, आणि जगभर साठलेल्या जुन्या फाइली वाचण्याचा प्रश्न उभा राहतो. 2024 च्या 17 व्या आवृत्तीने व्हॅक्यूमला लागणारी स्मृती पुष्कळ कमी केली. हे यश मोलाचे आहे, पण मूळ मर्यादा त्याने हटली नाही.

असे बदल हळूहळू होतात, याचे कारण बुद्धीचा अभाव नव्हे. प्रत्येक दुरुस्ती दुसऱ्या जाणत्या माणसाने ओळ न्‌ ओळ तपासावी लागते, आणि अशी माणसे थोडी आहेत. या प्रणालीच्या बळावर ज्यांचा कारभार चालतो, त्यांनी तिच्यासाठी परवाना-शुल्क म्हणून एक पैही दिलेली नाही. तेव्हा आपल्या पदरच्या अभियंत्यांचा काही वेळ या तपासणीसाठी राखून ठेवणे हे त्यांचे कर्तव्य आहे, आणि पोस्टग्रेसची पुढील वाटचाल बव्हंशी त्या कर्तव्याच्या पालनावरच अवलंबून राहील.